दुसऱ्या मजल्यावरची काचपट्टी

मी नगरपालिकेत इमारती तपासतो. धोकादायक ठरल्या की नोटीस लावतो, रिकाम्या करवतो आणि लोकांच्या शिव्या खातो. या नोकरीत माझी कातडी गेंड्याची झालीय. पण बाजारातल्या त्या तीनमजली इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या अगदी टोकाला, माझ्या ताईचं दुकान आहे. ती बॅगांच्या चेन बदलून देते. भावजी गेल्यापासून बावीस वर्षं एकटीनं चालवलंय.

तिथे जिन्यालगतच्या भिंतीला बारीक तडा गेला होता. अशा तड्यावर आम्ही काचेची पट्टी आडवी बसवतो, दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की करतो. भिंत जराशी जरी सरकली तरी काच तडकते. तडकली की इमारत रिकामी करायची. ही पट्टी पंधरा सेंटिमीटरची, मीच कापलेली.

"काच फुटली तर मी मुकाट्यानं जाईन," ताई म्हणाली. "नाही फुटली तर पुन्हा नोटिशीचं नाव काढायचं नाही. कान किटले माझे."

"कबूल," मी म्हणालो. इथेच माझं चुकलं.

पुढच्या मंगळवारी काच शाबूत होती. जीव भांड्यात पडला. पण तड्यात आता बोट जात होतं. मी मोजपट्टी लावली. काच सतरा सेंटिमीटर भरली.

मापात चुकायची मला सवय नाही. पुन्हा मोजली, पुन्हा सतरा. काच पातळ झाली नव्हती, प्लास्टरवर साधा चरा नव्हता. साहेबांना सांगितलं.

"फुटली का? नाही ना? मग माझं डोकं का खाताय?"

तिसऱ्या मंगळवारी तेवीस. तड्यात माझी मूठ गेली. आत गार होतं. त्या दिवशी जिन्यापासून ताईच्या दुकानापर्यंत जाताना मला धाप लागली. दुकानं तर तेवढीच होती, सहा. ताईचं सोडून सगळी बंद.

"हल्ली गिऱ्हाईक इथवर येतच नाही. जिन्यातूनच माघारी फिरतात मेले!" ताईला हसू आलं.

"ताई, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल."

"काच फुटली?"

"नाही."

"मग जा गुमान. शब्द दिलायस."

मी गेलो. शब्द दिला होता ना!

चौथ्या मंगळवारी सकाळी अकराला मी काचेकडे पाहिलंसुद्धा नाही. जिन्यावरूनच ओरडलो, "ताई, खड्ड्यात गेला तो शब्द! बाहेर ये!"

बऱ्याच वेळानं आवाज आला. "अरे हो, हो. ओरडू नकोस. येते."

खांद्याला पिशवी अडकवून ती निघाली. झपाझप चालत होती.

दहा मिनिटं झाली. ती चालतच होती.

मी तिच्याकडे धावत सुटलो. छाती फुटेपर्यंत धावलो.

मागे वळून पाहिलं. जिना दोन पावलांवर होता.

आता साहेबांनी इमारत सील करायचा हुकूम काढलाय. आत माणूस असताना सील लावता येत नाही, असं लिहून मी फाईल परत पाठवतो. साहेब माझ्यावर खार खाऊन आहेत. खाऊ देत.

मी दर मंगळवारी जातो, जिन्याशी उभा राहतो. रडू येतं, ते लपवत नाही. ताई हात हलवते, पण थांबत नाही.

काल ती माझ्या करंगळीच्या पेराएवढी दिसत होती. तोंड माझ्याकडे होतं, आणि ती माझ्याच दिशेनं चालत होती.