भिंतीची जाडी

रविवारी सकाळी साडेआठ वाजले की मिरजेतल्या पद्मावती सोसायटीत वरच्या मजल्यांवरून पावलांचे आवाज सुरू होत. थोडं चालणं, थोडं थांबणं, पुन्हा चालणं. एवढ्याशा फ्लॅटांत लोक चालतात तरी कुठं, असं नवख्या माणसाला वाटलं असतं. चालणारे सगळे साठीच्या पुढचे होते आणि मनानं ते मिरजेत नव्हतेच. दुसऱ्या मजल्यावरच्या शिरगुप्पे वहिनी त्या वेळी लीड्समध्ये, लेकीच्या पहाटेच्या झोपलेल्या घरात असत, तिसऱ्या मजल्यावरचे मुजावर डॅलसमध्ये, आणि तळमजल्यावरचे भूपाल चौगुले लेकाकडं मेलबर्नमध्ये.

ही सगळी पायपटाची किमया. पायपट म्हणजे चार फूट रुंदीची गोल चटई. तिच्या पोटात ज्वारीच्या दाण्याएवढ्या हजारो गोळ्या असतात. माणूस पुढं पाऊल टाकतो तेवढंच गोळ्या त्याला मागं आणतात, त्यामुळे तो मैलभर चालला तरी चटईच्या बाहेर पडत नाही. डोळ्यांवर चष्मा चढवला की समोर मुलाचं किंवा मुलीचं घर उभं राहतं, खऱ्या मापाचं. तिकडच्या खोल्यांत आणि बागेत कोपऱ्याकोपऱ्यात टिपणडोळे बसवलेले असतात. घर जसं असेल तसं, माणसं जिथं असतील तिथं, ते टिपून पाठवतात. हात लावता येत नाही, वास येत नाही. बाकी सगळं येतं.

भूपाल चौगुले मोजणी खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं लोकांच्या बांधांवरून चालून त्यांचं पाऊल पक्कं झालं होतं. एक पाऊल अडीच फूट, त्यात इंचाचा फरक नाही. बारीक मापाला ते टाचेला बोट लावून चालत, कारण त्यांचा अनवाणी तळवा बरोबर दहा इंचांचा होता. पायपट आल्यावर या पावलांना पुन्हा काम मिळालं. सोसायटीत ज्याची मुलं परदेशात, तो त्यांना बोलावून घेई आणि तिकडचं घर मोजून मागे. त्यांनी त्यासाठी एक वहीच घातली होती. एका बाजूला घर, चौरस फुटांत; दुसऱ्या बाजूला बाग, गुंठ्यात; आणि शेवटी त्यांनी स्वतः जोडलेला एक रकाना, ‘माणशी किती’.

त्या वहीत जग मोठं गमतीचं दिसे. मुजावरांच्या मुलाच्या डॅलसच्या घरात नुसत्या मोटारींच्या खोलीत त्यांचा इथला अख्खा फ्लॅट मावला असता. हाँगकाँगमधल्या एका नातवाचं घर मोजायला आठ पावलं लागली, आणि बाग म्हणून खिडकीतला कोथिंबिरीचा डबा दाखवला गेला. लीड्सच्या घरातल्या खोल्या बेताच्या, पण मागं धोतरासारखी लांबट बाग. भूपाल अण्णांचा स्वतःचा फ्लॅट चारशे बारा चौरस फूट, कार्पेट, म्हणजे भिंती वगळून. पत्नी सुनंदाबाई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, माणशी चारशे बारा. ‘माणशी’च्या रकान्यात त्यांनी हाँगकाँग, लंडन, टोकियो सगळ्यांना मागं टाकलं होतं. या विजयाचं त्यांना काहीही कौतुक नव्हतं.

“सगळ्यांची घरं मोजलीत अण्णा,” वहिनी एकदा म्हणाल्या, “आणि तुमच्या अभिनंदनचं पान तेवढं कोरं का हो?”

“घरच्यांची जमीन आपण मोजायची नसते वहिनी. दुसऱ्याला बोलवायचं. आमच्यात तसंच चालत आलंय.”

“इथं कुठं बांधाचं भांडण आहे?”

अण्णा हसले, पण पान कोरंच राहिलं.

खरं तर मोजण्याची गरजही नव्हती. आकडा त्यांना पाठ होता. अभिनंदननं घर घेतल्याचं सांगितलं तेव्हाच म्हणाला होता, “अण्णा, दोनशे चौतीस चौरस मीटर.” त्यांनी लगेच तोंडी गुणाकार केला होता, अडीच हजार फुटांच्या वर. मागं सव्वादोन गुंठे बाग, लिंबाचं झाड, आणि त्या बागेवर उघडणारी एक खोली. तिला अभिनंदन ‘अण्णांची खोली’च म्हणे. चार वर्षं दर रविवारी ते तिथं जाऊन येत होते. सून श्रुती रुग्णालयात नर्स. रविवारी तिची ड्यूटी असे, त्यामुळे ती दिसत नसे. अभिनंदन मात्र असे. बापलेक बागेत दोन फेऱ्या मारत. मग अण्णा चष्मा काढत आणि एकट्याचं ताट वाढून घेत.

आता हे संपणार होतं. कायम राहण्याचा व्हिसा आला होता. येत्या गुरुवारी विमान. फ्लॅटमध्ये पुतण्या राहायला येणार होता, त्याचं सामान येऊन पडलंही होतं. अभिनंदन मात्र दोनतीनदा म्हणाला होता, “अण्णा, तिकीट पुढं ढकलू का? इथं थंडी फार आहे हो.” अण्णांनी ऐकलं नाही. चार वर्षं रिकाम्या घरात बसलेल्या माणसाला थंडीची भीती कोण घालणार?

त्या शेवटच्या रविवारी आधी वहिनींच्या लेकीच्या घराचं बाहेरचं माप राहिलं होतं ते त्यांनी मोजून दिलं. बाहेरून भिंतीलगत सव्वीस तळवे, आतून सगळ्या खोल्या मिळून तेवीस.

“तीन कुठं गेले?” वहिनींनी विचारलं.

“भिंतींनी खाल्ले. विटांचं जुनं घर आहे, भिंती जाड.”

वहिनींना समाधान वाटलं. घर लहान असलं तरी भिंती जाड आहेत, हे त्यांनी लगेच वर मुजावरांना जाऊन सांगितलं.

खाली येऊन अण्णांनी स्वतःचा पायपट चालू केला. तिकडं दुपारचा दीड वाजला होता. अभिनंदन हॉलमध्ये उभा होता, जरा वाळलेला.

“या अण्णा. जेवलात काय?”

“आत्ताशी नऊ वाजलेत रे इथं. तू जेवलास?”

“जेवतो की. एक फोन आलाय, दहा मिनिटांत येतो. तुम्ही फिरा तोवर.”

तो दिसेनासा झाला. अण्णा खोलीत गेले. सुनंदाबाईंचं शिलाई मशीन न्यायचं की नाही, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं. कॉट, कपाट आणि मशीन, तिन्ही एका भिंतीला बसतील का? नियम मोडायला तेवढं निमित्त पुरलं. चार दिवसांनी तर आपण इथलेच होणार, असं म्हणून ते टाचेला बोट लावून चालू लागले.

खोली सतरा तळवे. पुढचा बोळ पाच. हॉल सव्वीस. एकूण अठ्ठेचाळीस, म्हणजे चाळीस फूट. आता हात लागलाच आहे तर पूर्ण करू म्हणून ते बागेत गेले आणि घराच्या बाहेरून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चालले.

अठ्ठेचाळीस.

त्यांना वाटलं, चुकलो. वय झालं. ते परत आत गेले, परत बाहेर आले. मग मोठ्या पावलांनी मोजलं. सोळा पावलं, चाळीस फूट. आत चाळीस, बाहेर चाळीस. मध्ये दोन बाहेरच्या भिंती आणि दोन आतल्या. त्यांना काहीच जागा लागत नव्हती.

चौतीस वर्षांत अण्णांनी खोटे नकाशे पुष्कळ पाहिले होते. सरकवलेले दगड पाहिले, खाल्लेले रस्ते पाहिले. पण जाडी नसलेली भिंत जगात कुठल्याही देशात नसते. हाँगकाँगच्या त्या आठ पावलांच्या घरालाही ती होती. अशी भिंत एकाच ठिकाणी असू शकते, ते म्हणजे रचलेलं घर. लग्नाच्या स्वागताला लोक पायपटावर रचलेले राजवाडे भाड्यानं घेतात, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. टिपणडोळ्यांनी टिपलेली फक्त माणसं, घर नाही. आकडे घालायचे आणि घर उभं करायचं.

ते लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले. पायाखाली गवत होतं आणि पायाला गोळ्या लागत होत्या. हे घर त्यांना फार आवडलं होतं. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा की, गप्प बसावं. आपणच तिकीट पुढं ढकलावं, थंडीचं कारण सांगावं, आणि दर रविवारी इथं येत राहावं. पोरगं खोटं पडणार नाही, बागही जाणार नाही. तसं केलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. पण मग दोन्हीकडं एकेक माणूस एकेका चटईवर म्हातारा होणार, हेही त्यांना स्पष्ट दिसलं, आणि त्याची त्यांना भीती वाटली.

अभिनंदन परत आला. “बसायचं का बागेत?”

“अभि, या भिंती किती इंची आहेत रे?”

“भिंती? असतील की नेहमीच्या. का हो?”

“मोजलं मी आज. आतून चाळीस, बाहेरून चाळीस.”

अभिनंदननं मान फिरवली. तो लिंबाच्या झाडाकडं बघत राहिला.

“दोनशे चौतीस कुठून आणलास आकडा?” अण्णांनी आवाज चढवला नाही.

“जाहिरातीतनं. मी आणि श्रुती बघायला गेलो होतो हे घर. घ्यायचं ठरलं होतं.” तो थांबला. “मग ती निघून गेली, अण्णा. आई गेली त्याच्या आधी दोन महिने. तुम्हाला तेव्हा कसं सांगायचं?”

“तिकडं घराचं माप भिंतींसकट देतात. मोटारीची खोली, व्हरांडा, सगळं धरून.”

“मला काय माहीत. मी खोल्याच दोनशे चौतीसच्या केल्या, भिंती नुसत्या रेघा ठेवल्या. तुम्हीच म्हणायचा की, कार्पेट विचार, बाकी सगळ्या थापा. भिंतीत कोण राहतंय?”

हे वाक्य अण्णांचंच होतं. बिल्डरशी भांडताना, पाहुण्यांना सल्ला देताना, अभिनंदन लहान असताना त्यांनी ते शंभरदा म्हटलं होतं. मेलबर्नमधल्या कुणी हे घर रचलं असतं तर भिंती बरोबर आल्या असत्या. ही चूक मिरजेतल्या एका भूकरमापकाच्या पोरालाच करता आली असती. त्यांना राग आला, पण तो पोरावर धरता येईना.

“तू रोज येतोस काय इथं?”

“येतो. कामावरनं आलो की चष्मा घालतो. तुमच्या खोलीत बसतो बऱ्याचदा. खिडकी चांगली आलीय ती.”

अण्णांनी चष्मा काढला. बाग गेली, आणि समोर पुतण्याची बांधलेली खोकी दिसली. त्यांनी पायपट बंद केला, खुर्ची ओढली आणि साधा फोन लावला. पलीकडं घंटी बराच वेळ वाजत राहिली.

“अण्णा, तिकीट रद्द करतो मी,” अभिनंदन म्हणाला. आवाज जवळून आल्यासारखा आणि लहान खोलीतला वाटत होता. “तुमच्या पुतण्याला समजावतो. तुम्ही तिथंच राहा. मी सुट्टी काढून येईन.”

“ते नंतर बघू. आत्ता कुठं राहतोस ते सांग.”

“कशाला?”

“किती बाय किती?”

“एकाच्या गॅरेजमागं खोली आहे. आठ बाय नऊ.”

“बाहेरून?”

“आतून. कार्पेट.” दोघांनाही त्याचं हसू आलं नाही.

“संडास?”

“बाजूला, वेगळा.”

“बाग?”

“दारापुढं तीन फूट काँक्रीट आहे अण्णा. पुढं मालकाचं कुंपण.”

अण्णांनी वही उघडली. कोऱ्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं चौकट आखली, एक फुटाला एक रेघ. तिच्यात साडेसहा बाय तीनची एक कॉट काढली.

“काय करायलाय तुम्ही?” तिकडून प्रश्न आला.

“गप बस जरा. खिडकी कुठं आहे?”

“नऊच्या भिंतीला, आणि कोपऱ्यात लगेच दार. अण्णा, इथं तुम्हाला नाही जमायचं. मलाच इथं कोंडल्यासारखं होतं. रोज रात्री चष्मा काढला की वाटतं, भिंती अंगावर आल्या.”

अण्णांनी मान वर केली. वरून पावलांचे आवाज येत होते. वहिनी बहुतेक लीड्सच्या जिन्यावर असाव्यात. या चारशे बारा फुटांत चार वर्षांत भिंती कधी अंगावर आल्या नव्हत्या. त्या दूर दूर गेल्या होत्या, इतक्या की हाक मारली तरी कुणापर्यंत पोचत नव्हती. ते त्यांनी पोराला सांगितलं नाही. त्यांनी खिडकीखाली दुसरी कॉट काढून बघितली. मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा उरत होती, पण दाराच्या कोपऱ्यात सगळं अडत होतं. दाराची फळी आत फिरत असेल तर तेवढी जागा मोकळी सोडावी लागणार, आणि मग दुसरी कॉट बसणार नाही. फळी बाहेर फिरत असेल तर बसेल.

“अभि,” त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवून विचारलं, “दार आत उघडतं की बाहेर?”