वाढायचं राहिलं

गॅलपच्या इस्पितळात मी एक्स-रे आणि स्कॅन काढते. राहते झुनी या आमच्या आदिवासी गावात, आईकडे. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा घराला कुलूप घालून मीच तिला गाडीतून या इस्पितळात आणलं. मग बर्फ पडलं, रस्ता बंद झाला आणि मी तिच्यापाशीच अडकले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईच्या तोंडून पहिला शब्द फुटला.

"भूक."

मी आनंदाने सूप भरवलं. मग पाव, मग माझा स्वतःचा डबा. "भूक." तिचं पोट टणक लागत होतं. नर्सने ताट काढून घेतलं, तशी आई चादरीचं टोक चावू लागली.

मी तिच्या धाकट्या भावाला, गावातच राहणाऱ्या एल्डनमामाला फोन लावला.

"मामा, आई खातच सुटलीय."

तो म्हणाला, "माठाला कोण वाढतंय?"

आमच्या मागच्या खोलीत एक माठ आहे. त्यात दगडाचे चिमुकले, पूजेतले प्राणी असतात, आईच्या आईकडून आलेले. माठाच्या पोटाला भोक आहे. त्यातून त्यांना रोज मक्याचं पीठ द्यायचं. हे काम आईचं.

"मला वाटलं, तू देतोयस."

"आपल्यात घर बायकांचं असतं. मला वाटलं, तू कोणाला तरी सांगून गेलीस!"

"मामा, आईच्या मेंदूत रक्ताची गुठळी आहे. स्कॅन मी काढलाय."

"तुझ्या मशीनला भूक दिसते का गं?" पण तो हसला नाही. "निघालोच. फोन ठेवू नकोस."

बर्फात रुतणाऱ्या त्याच्या बुटांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"दार उघडं आहे."

"मी तर कुलूप लावलं होतं. माठ?"

"जागेवर आहे. तोंडावरचं कातडं बांधलेलंच आहे. गाठही तुझ्या आईचीच."

तो हळू आवाजात प्रार्थना म्हणू लागला. पीठ सरसरलं.

आईचा जबडा थांबला. चादर तोंडातून गळून पडली.

"मामा, ती शांत झाली."

"आर्लीन." त्याचा आवाज बदलला होता. "उंबऱ्यापासून पावलं उमटलीत. बारीक बारीक. मेंढ्यांच्या वाड्याकडे गेलीत, आणि परत आत आलीत."

"कुत्री असतील."

"असतील. दार लावून घेतो."

आईने माझं मनगट धरलं.

"लावू नको म्हणावं," ती स्पष्ट म्हणाली. "एक अजून यायचाय."