डावीकडे हॅल्वर

शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात अख्ख्या गावाला अचानक आपापल्या रायफली आठवतात. वर्षभर कपाटात धूळ खात पडलेली हत्यारं माझ्या दुकानात येऊन पडतात आणि प्रत्येकाला आपलं काम कालच झालेलं हवं असतं. मोंटानातल्या आमच्या या कोपऱ्यात बंदुका दुरुस्त करणारा मी एकटाच, त्यामुळे त्या दिवसांत मी कुणाशी धड बोलत नाही. तरी सिग्नेबाई आत आल्या तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. लहानपणी मी त्या चालवायच्या त्याच बसमधून शाळेत जायचो. स्टिअरिंगवरच्या आरशातून त्या अशा बघायच्या, की त्यांना ताटकळत ठेवायची माझी आजही छाती होत नाही.

"रूबेन, हे काढ," टेबलावर रायफल आडवी ठेवत त्या म्हणाल्या, "आणि दुसरं काहीतरी बसव."

त्यांचं बोट नळीच्या टोकावर होतं. तिथे कारखान्यातूनच आलेला मझल ब्रेक होता. बोटभर लांबीचा पोलादी तुकडा, दोन्ही बाजूंना भोकं. गोळीमागचा वायू तो बाजूंना फेकतो, म्हणून खांद्याला बसणारी लाथ निम्म्यावर येते. सिग्नेबाईंचा उजवा खांदा ऑपरेशन करून बदललेला होता. ब्रेकशिवाय ही रायफल त्यांना झेपलीच नसती.

"चांगला तर आहे. काय बिघडलं?"

"मोठ्याने बोल की. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोस? बसमध्ये तर गळा फाडून ओरडायचास."

मी पुन्हा विचारलं.

"याचा दणका बाजूला बसतो रे. शेजारच्याच्या कानांची पार वाट लागते."

ते खरंच होतं. ब्रेकची ती खोडच आहे. म्हणून नेमबाजीच्या रेंजवर ब्रेकवाल्याने कडेची जागा घ्यायची असा आमच्याकडे रिवाज आहे, आणि ब्रेक बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारतोच. सवयीने तो तोंडातून निघून गेला.

"तुमच्या शेजारी कोण असतं?"

"हॅल्वर. डावीकडे. नेहमीसारखा."

हॅल्वर म्हणजे त्यांचे यजमान. दोन हिवाळ्यांपूर्वी ते गेले. त्यांची शवपेटी उचलणाऱ्यांत मीही होतो, आणि ती किती जड होती ते मला चांगलं आठवतं.

माझा चेहरा बघून त्या हसल्या. "वेड नाही लागलं मला. बस, सांगते."

लग्न झाल्यापासून दोघं एकत्रच डोंगरात जायचे. बाई नेम धरायच्या, हॅल्वर त्यांच्या डाव्या खांद्याशी दुर्बीण लावून पडून राहायचे आणि गोळी कुठे गेली ते सांगायचे. ते गेल्यावर पहिल्या हंगामात बाई एकट्याच गेल्या. दुसऱ्या दिवशी एका एल्कवर, म्हणजे थोराड हरणावर, नेम धरला असताना डावीकडून आवाज आला, 'श्वास सोड, सिगी.' तसा तो पुढेही येत राहिला. मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि ही ब्रेकवाली रायफल घरात आली.

"त्यानंतर तो हळूहळू कमी बोलायला लागला," त्या म्हणाल्या. "या उन्हाळ्यात सरावाला गेले तर एक अक्षर नाही. बहिरा झालाय रे. मी काय विचारते तेच त्याला कळत नसणार. जिवंतपणी इतकी वर्षं माझी कटकट ऐकून जे झालं नाही, ते या भोकांनी केलं." त्यांनी रायफल माझ्याकडे सरकवली. "तो बोलणार नसेल तर मी आता डोंगरात जाणार नाही. सगळं विकून मुलीकडे राहायला जाईन."

मी आट्यांची मापं केसाच्या जाडीत मोजणारा माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण त्या माणसाशिवाय या बाई कशा जगत असतील, हा विचार मी त्यांच्यासमोर बसून पहिल्यांदाच केला, आणि मला फार वाईट वाटलं.

"चला रेंजवर," मी म्हटलं. "आत्ता दणका कसा बसतो ते आधी बघू."

आमची रेंज गावाबाहेर धान्याच्या कोठारांमागे आहे. समोर बिग बेल्टचे डोंगर, मध्ये उघडं माळरान. रात्री बर्फ पडलं होतं, कोरडं आणि पिठासारखं भुरभुरीत. बाईंनी चटई अंथरली आणि पोटावर आडव्या झाल्या. मी कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले आणि त्यांच्यासाठीही एक जोडी पुढे केली.

"नको. डोंगरात कधी लावते का मी? आणि लावले तर त्याचं ऐकू कसं येईल?"

मी मागे उभा राहिलो. बार झाला. दोन्ही बाजूंचं बर्फ उडालं आणि धुरळा खाली बसला.

उजवीकडे जमीन पंख्याच्या आकारात स्वच्छ झाडली गेली होती, थेट कुंपणापर्यंत. डावीकडेही तसाच पंखा होता, पण त्याचा मधला भाग गायब होता. चटईपासून हातभर अंतरावर झाडलेली जमीन संपत होती आणि तिथून पलीकडे बर्फ जसंच्या तसं होतं. एखाद्या ओंडक्याच्या आडोशाला राहावं, तसं.

मी तिथे जाऊन बघितलं. ओंडका नव्हता, दगड नव्हता. वाळलेलं गवत होतं, आणि ते खाली दबलेलं होतं.

 मनाशी म्हटलं, वारा असेल. वारा नव्हता.

दुकानात आल्यावर नळी टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळून पक्की केली. कारखान्यात आट्यांना लावलेला गोंद सुटावा म्हणून ब्रेकला शेक दिला आणि पान्याने तो उतरवला. लेथवर नवा बनवला. बाजूंना एकही भोक नाही. सगळी भोकं वर, पुढच्या अंगाला झुकलेली. अशा ब्रेकने धक्का थोडा जास्त बसतो, म्हणून दस्त्यात शिसं भरून रायफल जड केली. ब्रेक पूर्ण आवळला गेल्यावर भोकं बरोबर आभाळाकडे यायला हवीत. त्यासाठी वायसर घासायचा, लावून बघायचा, पुन्हा काढून घासायचा. एरवी हे काम मी शिव्या घालत करतो. या वेळी एकही शिवी तोंडात आली नाही. एका माणसाचे कान वाचवायचे म्हणून मी जीव ओतून काम करतोय, आणि त्या माणसाला मीच पुरून आलोय, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बराच वेळ मी लेथ बंद करून बसून राहिलो.

हंगामाच्या आदल्या दुपारी आम्ही पुन्हा रेंजवर गेलो. पुन्हा ताजं बर्फ पडलं होतं. या वेळी मी मोठी दुर्बीण घेऊन बाईंच्या उजवीकडे पडलो. डावीकडची जागा मोकळी ठेवली. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

"खांद्याला लागलं तर लगेच थांबा."

"गप रे. चालवते मी."

बार झाला. डावीकडचा एक कणही हलला नाही.

बाईंनी दस्त्यावरून गाल उचलला. "हॅल्वर? कुठे गेली गोळी?"

मी मफ काढले. कोठारांच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती. बाई वाट बघत होत्या. त्यांचं बघणं मला बघवेना.

तेवढ्यात आवाज आला. सर्दी झाल्यासारखा घोगरा, पलीकडून.

"डावीकडे. दोन बोटं."

मी दुर्बिणीतून बघितलं. भोक डावीकडेच होतं, दोन बोटं.

"काहीच नाही," सिग्नेबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "उशीर झाला रूबेन. गेला तो."

"मी सांगतोय, सिगी," आवाज म्हणाला. "केव्हाचा सांगतोय."

त्यांनी मानही वळवली नाही.

मी हात लांब केला, त्यांच्या डोक्यामागून. डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. मग अगदी कानाला लागून आणखी एक, जोरात. त्या समोरच बघत राहिल्या. नेम धरताना डावाच कान नळीच्या टोकाकडे असतो.

"सिग्नेबाई," मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकलो. "ते बोलताहेत. गोळी डावीकडे गेली, दोन बोटं. ते बहिरे नाहीत."

 मग त्यांचा हात सावकाश डाव्या कानाकडे गेला. कानाच्या पाळीवर बोटं घासून त्यांनी ऐकून बघितलं.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "त्याचं ऐकता यावं म्हणून तर मी कान उघडे ठेवले."

"हो."

त्या रडल्या आणि रडता रडताच हसल्या. "आणखी काय म्हणतो?"

"म्हणतात, केव्हाचा सांगतोय."

त्यांनी डोळे पुसले, डाव्या बाजूला तोंड केलं आणि पोरांना बसमधून उतरवायच्या त्यांच्या त्या आवाजात म्हणाल्या, "मग असा उजवीकडे ये की, शहाण्या! तिकडे कशाला पडून राहिलायस?"



मग डावीकडचं दबलेलं गवत उभं राहिलं. सरळ, एकदम.

आमच्या पायांमागून बर्फ करकरायला लागलं. पावलं घाई करत नव्हती.

ती माझ्यापाशी येऊन थांबली.

"जरा सरक रे, रूबेन."

मी सरकलो.

बाई आणि मी यांच्यामधलं बर्फ दबलं, आधी दोन कोपरांएवढं, मग लांबवर. सिग्नेबाईंनी पुन्हा नेम धरला. त्या ओठ मिटून गालात हसत होत्या. मी दुर्बिणीतून डोळा काढला नाही. माझ्या डाव्या बाहीवर कुणाच्या तरी दंडाचा भार येऊन टेकला. तो उबदार होता.