पट्टीवरचं वजन

हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेलं आहे. ताई इंजिनिअर. आकडा दिसल्याशिवाय सख्ख्या आईचंही न मानणारी. तिने ही गोष्ट रचली असती, तर आधी मीच हसले असते.

ताई तेव्हा शिकत होती. मार्चमधला गुरुवार. दुपारचे तीन. कॉलेजच्या तळमजल्यावरची व्हायब्रेशन लॅब.

प्रयोग साधा होता. पोलादी पट्टीचं एक टोक घट्ट आवळायचं, दुसरं मोकळं ठेवायचं. त्यावर हातोडीने एकदाच ठोकायचं. पट्टी थरथरते, थरथर कॉम्प्युटरवर उमटते आणि पंधराएक सेकंदांत हळूहळू विरते.

शनिवारी तोंडी परीक्षा. रीडिंग नाहीत, तर वर्ष गेलं.

ताईने ठोकलं.

एक... दोन... तीन... चार...

पट्टी गप्प.

विरली नाही. कुणी थांबवावी तशी थांबली.

ताईने मान वर केली. समोर तिचा प्रोजेक्टमधला जोडीदार बसला होता. सगळे त्याला चष्मिश म्हणत. रिपोर्टवर पहिलं नाव कुणाचं, यावरून दोघांचं आदल्याच दिवशी वाजलं होतं.

"हात लावलास?"

"इथून? माझे हात काय रबराचे आहेत?"

तिने बोल्ट तपासले. वायर बदलली. पुन्हा ठोकलं.

पुन्हा चारला गप्प.

आता ताईचं डोकं फिरलं. ती तडक सरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, तो मुद्दाम पट्टीला हात लावतोय. मी डोळ्यांनी पाहिलं."

पाहिलं नव्हतं. पण तिची खात्री होती.

सरांनी त्याला प्रोजेक्टमधून काढलं. तो भांडला नाही. बॅग उचलून एवढंच म्हणाला, "काकांना सांगून बघ."

काका म्हणजे लॅबचे जुने असिस्टंट. पोरांना पुढच्या रीडिंगची घाई असायची, म्हणून काका थरथरत्या पट्टीवर एक पंजा ठेवून ती थांबवायचे. त्यांची सवयच होती ती.

काका जानेवारीत गेले होते.

ताईला वाटलं, जाता जाता घाबरवून गेला. तिने आतून कडी लावली. ठोकलं.

एक... दोन... तीन... चार...

लॅबमध्ये ती एकटी होती.

मग तिला ग्राफमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. पट्टी संथही हलत होती. टोकावर वजन ठेवलं की पट्टी संथ होते, आणि किती संथ झाली यावरून ते वजन काढता येतं. तिने काढलं.

आठशे वीस ग्रॅम.

बाजूला तराजू होता. तिने त्यावर स्वतःचा पंजा सैल टेकवला.

चारशे दहा.

म्हणजे पट्टीवर एक पंजा नव्हता. दोन होते.

तिने मोकळ्या टोकाला बोट लावलं. लॅबमधलं सगळं लोखंड गार होतं. ते टोक मात्र... कोमट होतं.

ताई धावत सरांकडे गेली. "सर, मी खोटं बोलले. त्याने काही केलं नाही." सर तिला सगळ्यांसमोर बोलले. तिला रडू आलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

शुक्रवारी दुपारी चष्मिश परत आला. ताईने माफी मागितली.

"सोड. माझ्याही रीडिंगला असंच व्हायचं. घाबरायचं नाही, नीट सांगायचं." तो पट्टीकडे वळला. "काका, हात काढा."

त्याने ठोकलं.

पाच... सहा... सात... आठ...

पट्टी थांबली.

चष्मिशचं हसू गेलं. "दर वेळी पूर्ण सुटते गं. आज काय झालं?"

ताईने वजन काढलं. काकांनी त्यांचा हात काढला होता. दुसरा तिथेच होता.

चारशे दहा ग्रॅम.

ताईच्या पंजात आणि त्यात ग्रॅमचाही फरक नाही.

"किती आलं?" त्याने विचारलं.

"काही नाही. आकडा चुकला," ताई म्हणाली आणि ग्राफ पुसून टाकला.

दोघांनी वर्कशॉपमधल्या दुसऱ्या पट्टीवर रीडिंग घेतली. पास झाले. रिपोर्टवर पहिलं नाव तिने त्याचं घातलं.

याला नऊ वर्षं झाली. ताई अजूनही अशाच थरथरीच्या चाचण्या करते, पण ठोकायला दुसऱ्या कुणाला तरी लावते. मी एकदा विचारलं, "शुक्रवारी त्याने ठोकलं, तेव्हा तू पट्टीपासून लांब होतीस ना? नक्की?"

"कॉम्प्युटरपाशी होते," ती म्हणाली. "मला तरी तसंच आठवतंय."

हे सांगताना तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.