एका रेघेचा फरक

दांड्यावर कोरलेल्या दोन रेघांमधलं अंतर दोन मिलिमीटर होतं. रेघांत भरलेला पांढरा रंग पुसट झाला होता, पण भिंगाखाली आकडे स्वच्छ दिसत होते. साठ, ऐंशी, शंभर.

वाहन-अपघातांची तपासनीस शिरातोरी युकिएने भिंग ठेवलं आणि ठरवलेल्या जोराला टक् वाजणारा तो टॉर्क पाना पुन्हा तपासणीच्या यंत्रात अडकवला. एकशेआठवर, म्हणजे चाकाच्या नटांना लागतो तेवढ्या जोरावर, लावून ओढला. टक्. यंत्राचा आकडा : एकशेआठ पूर्णांक दोन. तिने पाच वेळा ओढला. पाचही वेळा जवळजवळ तेच.

पान्यात दोष नव्हता. मग दोष माणसाचा.

सकाळी सातला तिला फोन आला होता. हिरोसाकी शहराबाहेरच्या उतारावर बालवाडीच्या व्हॅनचं मागचं डावं चाक निखळलं होतं. मुलं अजून चढायची होती, म्हणून वाचली. चालकाचं खांद्याचं हाड मोडलं. सोमवारी सकाळी याच ओसानाइ गॅरेजमध्ये त्या व्हॅनला बर्फात चालणारे हिवाळी टायर चढवले होते. कामाच्या कागदावर सही मेकॅनिक नारिता मिनोरीची होती. पाचपर्यंत शिरातोरीला अहवाल द्यायचा होता. मिनोरीचा परवाना राहणार की जाणार, ते त्यावर ठरणार होतं.

"ते चाक आवळायचं राहिलं?" शिरातोरीने विचारलं.

"नाही." मिनोरी उभीच होती. "प्रत्येक नटाला टक् ऐकलं आणि मगच पिवळी खूण केली. खूण मी आधी करत नाही."

"सगळे असंच सांगतात."

"सगळे सांगत असतील. मी तसंच करते."

मालक ओसानाइ गेन्जिरो चहा ओतत होते. वय चौऱ्याहत्तर, हात स्थिर. तरीही चहा पेल्याच्या काठावरून वाहिला, तेव्हाच ते थांबले.

"तिला फार बोलू नका, बाई," ते म्हणाले. "टायर बदलायचा आठवडा. दारात रांग. माणूस आहे, घाईत चुकतं."

"म्हणजे मी चुकले, असं म्हणताय, मालक?" मिनोरीचा आवाज चढला.

म्हातारा फडक्याने टेबल पुसत राहिला.

शिरातोरीने विषय बदलला. "पाना चांगला निवडलाय."

"एकोणीस वर्षं झाली!" ओसानाइंचा चेहरा खुलला. "सगळे म्हणाले, स्वस्तातला घे. मी म्हटलं, चाक निखळलं की तेही स्वस्तात पडेल का? दर वर्षी तपासणीला जातो. याने नट फक्त आवळायचा, सोडवायचा नाही. हातातून पडला, तर तपासल्याशिवाय वापरायचा नाही. रोज सकाळी आकडा मी स्वतः लावून देतो. आणि काम थांबलं की मूठ फिरवून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायची."

"स्प्रिंगसाठी?"

"ताणून ठेवलं की दमते. माणसासारखंच."

"दुपारी जेवायला जातानासुद्धा?"

"जेवायला जातानासुद्धा," मिनोरी म्हणाली. "नाहीतर जेवण घशाखाली उतरू देत नाहीत."

शिरातोरीने वहीत एक ओळ लिहिली आणि वर पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑगस्टपासून दर महिन्याला एका तारखेपुढे 'दवाखाना' लिहिलेलं होतं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, तिन्ही खोडून पुढच्या महिन्यावर ढकललेले. नोव्हेंबरचा तेवढा खोडलेला नव्हता. सोमवार, दुपारी एक.

"सोमवारी आणखी कुठल्या गाड्यांचे टायर बदलले?"

"दुकानाच्या चार," मिनोरी म्हणाली. "ग्राहकाला तात्पुरत्या द्यायच्या. दोन सकाळी, दोन दुपारी. अजून अंगणातच आहेत."

शिरातोरी स्वतःचा मोजणीचा पाना घेऊन बाहेर गेली. वारा बोचरा होता. ती एकेका नटापाशी गुडघ्यांवर बसली, पान्यावर हळूहळू जोर वाढवला, आणि नट हलला त्या क्षणाचा आकडा टिपला. मिनोरी मागे उभी राहून ते आकडे वाचत होती. चौथ्या गाडीनंतर ती पुन्हा पहिल्या गाडीचे आकडे बघू लागली.

आत आल्यावर शिरातोरीने गॅरेजचा पाना ओसानाइंच्या पुढ्यात ठेवला.

"मालक, हा एकशेआठवर लावून द्या ना. रोज सकाळी देता तसाच."

ते क्षणभर घुटमळले. मग खिडकीकडे वळले, पाना डोळ्यांपाशी नेला, अंगठ्याने मूठ फिरवली, आणि किंचित वाकून दोन्ही हातांनी पुढे केला. शिरातोरीने तो यंत्रात अडकवून ओढला.

टक्. अठ्ठ्याऐंशी.



"मुठीवरचं कडं एकदा पूर्ण फिरलं की वीस वाढतात," शिरातोरी शांतपणे म्हणाली. "शंभरची रेघ आणि कड्यावर आठ, म्हणजे एकशेआठ. ऐंशीची रेघ आणि कड्यावर आठ, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. कड्यावरचे आकडे मोठे आहेत, ते तुम्हाला दिसतात. दांड्यावरची रेघ दिसत नाही. सकाळच्या दोन्ही गाड्यांचे नट अठ्ठ्याऐंशीच्या आसपास हलले, सगळेच्या सगळे. हयगय अशी एकसारखी नसते. स्प्रिंग दमली असती, तर दुपारच्या गाड्याही सैल निघाल्या असत्या. त्यांचे नट एकशेआठला हलले. दुपारी तुम्ही दवाखान्यात होतात. पाना मिनोरीने लावला."

"आणि चाक?" ओसानाइंनी विचारलं.

"सकाळी मी पाहिलं, व्हॅनच्या त्या चाकामागे गंजाचा थर होता. तो चेपला, आणि आधीच कमी आवळलेले नट सैल पडले. दुपारी काम थांबल्यावर पाना नियमाप्रमाणे खालच्या आकड्यावर आणलात, त्याबरोबर पुरावाही गेला." ती मिनोरीकडे वळली. "गंज तू घासायला हवा होतास. अहवालात तेही येईल. पण पाना हातात घेतल्यावर रेघ का नाही पाहिलीस?"

मिनोरीने मान खाली घातली. "मालक दोन्ही हातांनी देतात. त्यांच्यादेखत आकडा तपासायचा? म्हणजे तोंडावरच सांगायचं, की तुमच्यावर विश्वास नाही."

"डॉक्टर काय म्हणाले, मालक?"

"मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत." ओसानाइ खुर्चीत बसले. "सकाळी फोन आला तेव्हाच मनात पाल चुकचुकली. पण पोरीच्या नावाची सही होती. मी गप्प बसलो."

"मी अकरा वर्षं आहे इथे," मिनोरी म्हणाली. ती रडत नव्हती. "चार वर्षं ऐकतेय, दुकान तुलाच द्यायचंय, हा हिवाळा संपला की बघू. तुमच्या डोळ्यांचं मला सांगितलं असतं, तर रोज सकाळी मी वाचून दाखवलं असतं."

साडेचार वाजले होते. शिरातोरीने अहवालाचा कागद पुढे ओढला, पण पेन उघडलं नाही.

ओसानाइंनी पाना उचलला. मूठ सवयीने उलटी फिरवत खालच्या आकड्यावर आणली, आणि तो पेटीत न ठेवता मिनोरीपुढे धरला. या वेळी एकाच हाताने.

"आधी वाच," ते म्हणाले. "मग घे. दुकान तुझं. हिवाळा संपल्यावर नाही, आजपासून."