भरल्या टाकीची जीप

चावी फिरवली की जीप खॅर्र-खॅर्र करायची, अंग झटकायची आणि पुन्हा ढिम्म. मागच्या बाकावर निहिराची मनवाकाकू पोट धरून बसली होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि रुग्णालय घाटाखाली, तालुक्याला.

दुसरी गाडी नव्हती का, असं विचाराल. अहो, गाड्या ढीगभर होत्या, पण सगळ्या विनाचालक, उपग्रहांच्या संदेशांवर चालणाऱ्या. सकाळपासून सौरवादळ (सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा लोंढा) आल्यामुळे उपग्रहांची बोलतीच बंद झाली होती. हाताने चालवायची गाडी गावात एकच, आत्याआजीची ही म्हातारी पेट्रोल जीप. आत्याआजी म्हणजे डॉ. सुमित्रा धुरी, निवृत्त शास्त्रज्ञ. हुशार, पण जीभ मिरचीसारखी.

"बॅटरी उतरली असेल," निहिरा रडवेल्या आवाजात म्हणाली.

"उतरली असती तर हा आवाज तरी आला असता का?" आजीने फटकारलं. " हा स्टार्टर (इंजिनाला पहिला धक्का देणारी विजेची मोटर) बोलतोय. त्याचं काम चोख आहे. रडायचं ते नंतर रड. आधी सांग, चूल पेटायला काय लागतं?"

"लाकूड, हवा आणि काडी."

"इंजिनाच्या पोटातही तेच. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिघांतलं कोण गैरहजर आहे, तेवढं शोधू."

आजीने स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) काढून, रबरी मुठीच्या पकडीने धरून इंजिनाच्या धातूला टेकवला. घरचा नवाकोरा यंत्रमानव टापटीप याने चावी फिरवली. निळी ठिणगी लख्ख उडाली. मग हवेची गाळणी उघडली, तीही स्वच्छ निघाली.

"काट्यावर पेट्रोलची टाकी काठोकाठ दिसतेय," टापटीप म्हणाला.

"टाकीत असणं वेगळं आणि इंजिनापर्यंत पोचणं वेगळं, बाबा." आजीने इंजिनाजवळची नळी सोडवली आणि पुन्हा चावी फिरवायला लावली. नळीतून थेंबसुद्धा आला नाही. नळी फुंकली, ती मोकळी. पंपही धडधाकट होता.

"आत्या, लवकर करा हो," मनवाकाकू कळवळली. निहिराने डोकं शांत ठेवलं. काल आवारात फेरी मारताना हीच जीप आधी झकास पळाली होती, मग आचके देत थांबली होती. म्हणजे पेट्रोल आधी येत होतं आणि मग अडलं.

असं अडणं तिने घरी पाहिलं होतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गुडगुडतं आणि थांबतं. म्हणून आई पलीकडे दुसरं भोक पाडते.

"आजी, टाकीत हवा कुठून शिरते?"

आजीने टाकीकडे बोट दाखवलं. "झाकणाच्या बारीक भोकातून."

निहिराने झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. भोकात चकचकीत लांबी (फटी बुजवायचा लगदा) भरलेली होती.

"ते मी बुजवलं," टापटीप म्हणाला. "कालच्या फेरीआधी गाडी धुताना दिसलं. मला वाटलं, गळती आहे."

"धन्य आहे तुझी," आजीने कपाळाला हात लावला. "अरे, पेट्रोल बाहेर पडलं की टाकीत जागा रिकामी होते. तिथे हवा शिरली नाही, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग पंप इकडे ओढतो, टाकी तिकडे ओढते. रस्सीखेचच ती, आणि पंप हरला."

निहिराने टाचणीने लांबी उकरून भोक मोकळं केलं. आजीने नळी आणि प्लग जागच्या जागी बसवले. चावी फिरली. खॅर्र-खॅर्र... आणि जीप अशी धडधडली की कौलांवरचे कावळे उडाले. निहिराला आनंदाने रडू फुटलं. आजीने गाडी घाटाकडे काढली.

काकूला आत नेलं आणि तासाभरात परिचारिका दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आली. "वेळेत आणलंत म्हणून दोघी सुखरूप आहेत," ती म्हणाली. "पण आज जिल्ह्यात एकही गाडी हलत नाहीये. तुम्ही आलात कशा?"

निहिराने काळे हात फ्रॉकला पुसले. "टाकीला श्वास घ्यायला जागा करून दिली," ती म्हणाली आणि बाळाला जवळून बघायला पुढे झाली.