उतरवून घ्यायला कोण येणार?

“पोरी, ज्याला तू पाठवलंस त्याला तूच उतरवून घ्यायचं. दुसऱ्याच्या अंगावर टाकून घरी जायचं नाही.”

मरिनुसकाकांनी हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आज त्रेपन्नची आहे आणि त्यांच्याच खुर्चीत बसते.

आमची कचेरी फ्लिसिंगनच्या धक्क्यावर, अगदी पाण्याला लागून आहे. शेल्ट नदी इथे समुद्राला मिळते आणि मुखाशी वाळूचे दांडे आहेत. ते एका जागी राहत नाहीत. गेल्या वर्षी जिथे खोल पाणी होतं, तिथे या वर्षी ओहोटीला वाळू उघडी पडते. बाहेरच्या कप्तानाला हे कळणं शक्य नाही, म्हणून आमचा पायलट छोट्या बोटीने समोर जातो, दोराच्या शिडीने जहाजावर चढतो आणि वाट दाखवत जहाज आत आणतो. कोणत्या जहाजाला कोण जाणार, हे पाळीने ठरतं, आणि ती पाळी लावणं हे माझं काम. एक घरी आला की तो यादीच्या तळाला जातो आणि वरचा बाहेर पडतो. या पाळीत मी कोणाचं ऐकत नाही, माझ्या भावाचंसुद्धा नाही.

पूर्वी ही पाळी भिंतीवरच्या लाकडी फळ्यावर चालायची. प्रत्येकाच्या नंबराची पितळी पाटी होती, एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने लाल. माणूस बाहेर असला की लाल. कचेरीखाली जुन्या दगडी पायऱ्या आहेत, शेवाळलेल्या. बोट लागली की मरिनुसकाका कसल्याही वाऱ्यात खाली जायचे, येणाऱ्याला हात द्यायचे, “घरी” एवढा एकच शब्द म्हणायचे, आणि वर येऊन पाटी फिरवायचे. पुढे हे सगळं रेडिओवर होऊ लागलं. मी मात्र जमेल तेव्हा खाली जायचे. माझा धाकटा भाऊ लेनर्टही पायलट आहे. तो दर वेळी म्हणायचा, “आलीस हजेरी घ्यायला? बरं झालं शाळेत बाई झाली नाहीस, पोरांनी शाळा जाळली असती.” पण हात धरायचा.

फळ्यावर एक पाटी कायमची लाल होती. सत्तावीस नंबर. इझाक पोपे.

सत्याऐंशीच्या फेब्रुवारीत इझाक एक जहाज बाहेर सोडून परत बोटीत उतरत होता. बोटवाल्याने त्याला शिडीवर पाहिलं, दोर सोडवायला क्षणभर मान खाली घातली, वर पाहिलं तर शिडी रिकामी होती. तो कधीच सापडला नाही. त्याला पाठवलं होतं मरिनुसकाकांनी. पण त्या दिवशी त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता, म्हणून ते काम दुसऱ्यावर सोपवून लवकर घरी गेले होते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ते कधी वेळेवर घरी गेले नाहीत, आणि ती पाटीही त्यांनी फिरवली नाही. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाले, “तो आला तर उतरवून घेशील?”

मी हो म्हटलं. आमच्या घरात सकाळचं स्तोत्र वाचल्याशिवाय पावाला हात लावत नाहीत, आणि ‘हो’ म्हटलं की ते ‘हो’च असतं. अजूनही मी तसंच पाळते.

दोन वर्षांपूर्वी फळा जाऊन संगणक येणार असं ठरलं. खास आमच्यासाठी प्रोग्रॅम लिहायला वेसेल नावाचा एक गृहस्थ उत्तरेकडून आला. पन्नाशीचा, जाडजूड, आमच्या बोलसवर, म्हणजे दालचिनीच्या चिकट गोड पावावर, जीव असलेला. पायलट त्याला दिवसभर छळायचे. “तुमच्या रीतीभाती यंत्रात बसवता बसवता माझं टक्कल पडलं,” तो म्हणायचा. लेनर्ट म्हणायचा, “येताना घेऊनच आला होतास.”

एका बुधवारी आम्ही दोघं जुन्या नोंदी भरायला बसलो. पाट्या एकेक करून आत गेल्या. सत्तावीसपाशी पडदा लाल झाला.

“यान्ना, हा कोण? तेहतीस वर्षं एकाच खेपेवर आहे. जहाज चंद्रावर नेतोय काय?”

मी सांगितलं. वेसेलने हातातला बोलस खाली ठेवला. म्हणाला, “माफ कर. पण ही नोंद बंद करावी लागेल. नाहीतर सोमवारी यंत्रणा सुरूच होणार नाही. परतल्याची वेळ टाक, उतरवून घेणाऱ्याचं नाव टाक. नुसती कागदाची गोष्ट आहे.”

“तो परतलेला नाही.”

“मला माहीत आहे. यंत्राला कुठे माहीत आहे?”

मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. अकरा चाळीस. तीच वेळ टाकली. नावाच्या जागी माझं नाव लिहिलं, कारण दुसऱ्या कोणाचं लिहिणं मला जमेना. मग बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्तोत्र वाचताना माझी ओळ दोनदा चुकली.

फळा लेनर्टने भिंतीवरून काढू दिला नाही. “शोभेला राहू दे,” म्हणाला. मीही सवयीने पाट्या फिरवत राहिले. सत्तावीसची लालच ठेवली.

सोमवारी यंत्रणा सुरू झाली आणि छान चालली. मंगळवारी माझ्या लक्षात आलं की यादीत एक माणूस जास्त आहे. सत्तावीस, पोपे, घरी, विश्रांती पूर्ण. सोमवारी तो तळाला असणार. आता मधोमध होता.

मी वेसेलला फोन केला. “त्याला काढ.”

“काढता येत नाही. ज्याने एकदा काम केलंय त्याचं नाव पुसता येणार नाही, ही अट कोणाची? तुमच्याच लोकांची. तीन बैठका भांडलात माझ्याशी. उद्या चौकशी झाली तर नोंद हवी म्हणून.” मग आवाज मऊ करून म्हणाला, “गुरुवारी येतो. तोवर त्याची पाळी आली की हाताने पुढे ढकल.”

बुधवारी सकाळी तो सर्वांत वर होता. त्याच्या खाली लेनर्ट.

स्वच्छ ऊन पडलं होतं, वारा नव्हता. क्लाइपेडाहून लाकूड घेऊन एक जहाज यायचं होतं. लेनर्टची विश्रांती संपायला अवकाश होता, म्हणून तिसऱ्या पायलटाला फोन करायला मी वळले. परत पाहिलं तर पडद्यावर लिहिलं होतं: सत्तावीस, जहाजावर चढला.

मी खिडकीतून खाली पाहिलं. बोट पायऱ्यांशी बांधलेली होती. बोटवाला तिच्यात बसून पाव खात होता.

मी जहाजाला रेडिओवर हाक मारली. कप्तान अदबीने बोलला. “पायलट अर्ध्या तासापूर्वीच आलेत. चांगलं काम चाललंय त्यांचं. बोलत नाहीत फारसे. तुमच्याकडे पाऊस आहे का?”

“नाही. का?”

“त्यांचा कोट ओला आहे.”

पडद्यावर जहाजाची रेघ उमटत होती. आमची सगळी जहाजं ज्या वाटेने येतात, त्या वाटेवर ती नव्हती. उत्तरेच्या जुन्या वाटेवरून येत होती. मी नोकरीला लागले तेव्हा तिथे चौदा मीटर पाणी होतं. आता तिथे दांडा आहे, ओहोटीला त्याच्यावर सील उन्हं खात पडलेले असतात. जहाजाला आठ मीटर पाणी लागत होतं. रेघ दांड्यावर चढली, सरळ पलीकडे उतरली आणि बंदरात आली.

मी सायकल काढून जहाज लागलं होतं त्या धक्क्यावर गेले. कप्तानाने पायलटची चिठ्ठी दिली. सही वाचता येत होती: इ. पोपे. तो कधी उतरला, हे कोणालाच सांगता येईना. जहाज चालवायच्या खोलीतल्या गालिच्यावर ओली पावलं होती, दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून दारापर्यंत नव्हती.

कचेरीत परत आले तर नोंद बंद झालेली होती. परतला: अकरा चाळीस. उतरवून घेणारी: यान्ना.

मी कोणालाही उतरवून घेतलं नव्हतं.

गुरुवारी वेसेल आला. मी चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती दोनदा वाचली, बोलस मागितला नाही, विनोदही केला नाही. तासभर खपून त्याने सत्तावीसला यादीच्या तळाला कुलूप लावलं. “आता याची पाळी येणारच नाही,” म्हणाला. दारापर्यंत गेला आणि थांबला. “त्या दिवशी मी तुला नाव टाकायला सांगायला नको होतं.”

“नाव मी टाकलं,” मी म्हटलं.

शुक्रवारी लेनर्ट सर्वांत वर होता. लोहखनिजाचं मोठं जहाज होतं, अकरा मीटर पाणी लागणारं, बावीस माणसांचं. अमावस्येची मोठी ओहोटी होती, दांडे नेहमीपेक्षा जास्त उघडे पडणार होते. मी त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरची विणलेली टोपी खाली ओढली. “तुला सुट्टीची गरज आहे, म्हातारे. उतरवून घेतलेल्या माणसांपेक्षा न घेतलेली जास्त मोजतेस.”

“खाली येते मी तुला घ्यायला.”

“कॉफी घेऊन ये. नुसता हात नको.”

बोट माझ्या डोळ्यांसमोर गेली. या वेळी मी खिडकीपासून हललेच नाही. मी त्याची पाटी लाल केली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी रेडिओ वाजला.

“यान्ना, चढलो.”

“ठीक. लिहिते.”

“थांब. इथे आहे कोणीतरी.”

मी खुर्चीचे हात धरले. “कोण?”

“पाठमोरा आहे. खिडकीपाशी.” लेनर्टचा आवाज शांत होता. लहानपणी बर्फावर पाय घसरला की तो असाच शांत व्हायचा. “कप्तान त्याचंच ऐकतोय. मी समोर उभा आहे तरी माझ्याकडे बघत नाही.”

“जहाज कुठल्या वाटेला आहे?”

“जुन्या.”

“थांबवायला सांग.”

“सांगितलं. यान्ना, मला समोर सील दिसताहेत.”

पडद्यावर रेघ दांड्याच्या टोकाला लागली होती. मी यादी उघडली. कुलूप तसंच होतं, सत्तावीस तळाला. पण जहाजासमोर लेनर्टचा नंबर नव्हता. सत्तावीस होता.

“लेनर्ट, शिडीने उतर. बोट बोलावते मी.”

“शिडी वर घेतली त्यांनी.”

मग बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मी मनात स्तोत्राची ओळ धरली. या वेळी चुकली नाही.

“तो काहीतरी विचारतोय,” लेनर्ट म्हणाला.

“काय?”

“उतरवून घ्यायला कोण येणार?”

मी फळ्यावरच्या सत्तावीसच्या पाटीकडे पाहिलं.

“म्हणतोय, मागच्या खेपेला कोणी आलं नव्हतं.”

घड्याळात अकरा एकतीस झाले होते.

“त्याला सांग, मी येतेय,” मी म्हटलं. “पायऱ्यांवर. मी स्वतः. आणि तूही त्याच्याबरोबर उतर. ऐकलंस? दोघांनीही.”

रेडिओतून पाण्याचा आवाज येत होता. इंजिनाचा नव्हता.

मी कोट घातला. थर्मासमध्ये कॉफी भरली, तीन कप घेतले. खिडकीतून पाहिलं. खाली बोट नव्हती, ती बाहेर होती. पायऱ्या ओहोटीने तळापर्यंत उघड्या पडल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी मी कधी पाहिल्याच नव्हत्या.

मग फळ्यापाशी गेले. दोघांना उतरवून घेतलं की दोन्ही पाट्या तिथल्या तिथे फिरवायच्या, असं मी ठरवलं होतं. आधी सत्तावीसची काढली. तेहतीस वर्षांनी हुकावरून सुटताना ती किंचित कुरकुरली. कोरडी होती, आणि नुकतीच कोणाच्या तरी खिशातून निघावी तशी कोमट.

मग लेनर्टची काढली. तिच्यावरून पाणी माझ्या मनगटावर ओघळलं आणि बाहीत गेलं.

पाळीचा नियम मला पाठ आहे. एक घरी आला की वरचा बाहेर पडतो.

मी दोन्ही पाट्या खिशात टाकल्या, कप उचलले आणि पायऱ्या उतरू लागले.